ईस्ट लंडनचा निळा मासा

दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात गेलात, तर तिथले संग्रहालय पाहायला विसरू नका. दीड मीटर लांबीचा, पेंढा भरलेला एक मासा तिथे जपून ठेवला आहे. पर पाहा, मांसल, जणू हातपायच!

२२ डिसेंबर १९३८. संग्रहालयाच्या ३१ वर्षांच्या प्रमुख मार्जोरी कोर्टने-लॅटिमर कोळ्यांना नाताळच्या शुभेच्छा द्यायला धक्क्यावर गेल्या होत्या. मासळीच्या ढिगातून एक निळा पर डोकावला. दुर्गंधीमुळे टॅक्सीवाला मासा न्यायला तयार होईना. बर्फघरानेही नकार दिला. मार्जोरीबाईंनी हट्टाने पेंढा भरून घेतला आणि चित्र काढून प्रा. जे. एल. बी. स्मिथ यांना धाडले. ते थक्क झाले. हा तर सीलाकँथ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला असे मानलेला खोल समुद्रातील मासा!

दुसरा सापडायला १४ वर्षे लागली, १९५२ साली कोमोरो बेटांपाशी. माशाच्या शास्त्रीय नावात मार्जोरीबाईंचे आडनाव गुंफले आहे. पण आज तो अतिसंकटग्रस्त आहे. एकदा हरवून सापडलेले पुन्हा हरवू नये, एवढेच!