वडील वारले कधी?

वाटपाचा दावा घेऊन एखादी बहीण बेळगावच्या टिळकवाडीतल्या दिवाणी वकिलाकडे आली, की काही वर्षं पहिला प्रश्न जमिनीचा नसायचाच. ‘अक्का, वडील वारले कधी?’ हे आधी विचारलं जाई. तारीख 9 सप्टेंबर 2005 च्या अलीकडची की पलीकडची, यावर फाइल उघडायची की मिटायची ते ठरे. त्या तारखेला एवढं वजन आलं ते बेळगावातल्याच एका दाव्यामुळे.

‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ हे नाव वाटपाचे दावे चालवणाऱ्या देशभरच्या वकिलांना पाठ आहे. दावा 1992 चा, बेळगावच्या न्यायालयातला. वडील 1988 मध्ये वारलेले. मुलीने, फुलवतीने, मिळकतीत सातवा हिस्सा मागितला. दावा चालू असतानाच हिंदू वारसा कायद्याची 2005 ची दुरुस्ती आली आणि हिंदू एकत्र कुटुंबातली मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायाद, म्हणजे जन्माने हक्क असलेली हिस्सेदार, ठरली. (कर्नाटक आणि महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना हा हक्क दिला होता, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे बऱ्याचजणींना वगळूनच.) कर्नाटक उच्च न्यायालयाने तिला नव्या कायद्याचा लाभ दिला. ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तो हुकूम रद्द केला. कायदा लागू झाला त्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 ला, वडील आणि मुलगी दोघंही हयात हवीत, असं ते म्हणाले. घटनेचं कलम 141 असं, की सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा प्रत्येक न्यायालयाला बांधतो. बेळगावच्या एका घरातल्या कज्ज्याने पाटण्यातल्या बहिणींचीही वाट अडवली.

पण निकाल बांधतो म्हणजे त्यातलं नेमकं काय बांधतं? वकिलीचं खरं कसब इथेच लागतं. हेडनोट, म्हणजे निकालाचा वरचा सारांश, तेवढा वाचून युक्तिवादाला उभं राहणारे पुष्कळ असतात. त्यांचं पितळ न्यायमूर्तींच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

सांगलीचं उदाहरण घ्या. ‘गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई’. हिराबाईंचा नवरा 1960 मध्ये वारला. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं कायदा धरून चालतो. त्या काल्पनिक वाटणीत नवरा, बायको आणि दोन मुलगे यांना पाव-पाव. मग नवऱ्याच्या पाव हिश्शाचे सहा वारसांत सहा भाग, म्हणजे प्रत्येकी 1/24. विधवेला फक्त हा 1/24 द्यायचा, की तिचा स्वतःचा पावही? सांगलीच्या न्यायाधीशांनी 1/24 दिला, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींचा तसा निकाल होता. अपिलाची वेळ येईपर्यंत त्याच न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो विचार सोडला होता. हिराबाईंना 7/24 मिळाले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं.

गंमत पुढे आहे. हाच निकाल हातात घेऊन देशमुखांचं एक कुटुंब कमाल जमीन धारणा कायद्याखाली म्हणू लागलं, की बायकांचे हिस्से आपोआप वेगळे झाले, तेव्हा त्यांची जमीन आमच्यात मोजू नका. 1985 मध्ये न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरामय्या यांनी तो मार्ग बंद केला. काल्पनिक वाटणी हिस्सा मोजण्यापुरती. बाई स्वतःहून वेगळी होईपर्यंत ती कुटुंबातच राहते, असं त्यांनी सांगितलं. बायकांच्या हिश्शांचा आधार घेणारं ते कुटुंब यामुळे हरलं, पण तोच विचार पुढे मुलींच्या कामी आला.

फुलवतीनंतर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचाच ‘दानम्मा’ निकाल आला. वडील 2001 मध्ये वारलेले, तरी मुलींना हिस्सा. आणि फुलवतीचा निकाल चुकीचा म्हटलेला नाही! दोन्ही पीठं दोन-दोन न्यायमूर्तींची. बहिणीचा वकील दानम्मा वाची, भावाचा वकील फुलवती, आणि खालच्या न्यायाधीशाची पंचाईत होई. अखेर 11 ऑगस्ट 2020 रोजी ‘विनीता शर्मा’ प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी फुलवतीचा निकाल मोडीत काढला. हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची गरज नाही. आणि काल्पनिक वाटणीने कुटुंब खरोखर विभक्त होत नाही.

तेव्हापासून वकिलाचा पहिला प्रश्न बदलला. 20 डिसेंबर 2004 च्या आधी वाटप झालं होतं का, आणि ते रजिस्टर आहे का? कारण त्याआधीच्या वाटपाला 2005 ची दुरुस्ती हात लावत नाही. बऱ्याच भावांना आता वडिलांच्या काळची तोंडी वाटपं अचानक आठवू लागली आहेत. न्यायालयाने ही पळवाट आधीच ओळखली होती: सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच, आणि तोही अपवाद म्हणून, तोंडी वाटप मानायचं. त्यामुळे वाद आता मृत्यूच्या दाखल्यावरून जुन्या उताऱ्यांवर आला आहे.

आणखी एक: वाटपाच्या दाव्यात हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा म्हणजे शेवट नव्हे. अंतिम हुकूमनामा होईपर्यंत हिस्से बदलता येतात, हे 2011 मध्येच ठरलं आहे. वडील आधी वारले म्हणून ज्या बहिणींना प्राथमिक हुकूमनाम्यात कमी हिस्सा मिळाला आणि अंतिम हुकूमनामा अजून झालेला नाही, त्यांनी ती फाइल पुन्हा एकदा वकिलापुढे ठेवावी.