घरबसल्या निवडणूक

२०२१ च्या फेब्रुवारीत आमच्या धाकटीनं इंग्लंडहून फोनवर सांगितलं, "आई, मी विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला उभी राहतेय." म्हटलं, बाई गं, सगळा देश कुलपात, मतं मागणार कुणाकडे? हे म्हणाले, "आधी अभ्यास कर म्हणावं!"

तिचा प्रश्न मात्र साधा होता. नाताळाला घरी गेलेल्या मुलींना सरकारनंच 'परत येऊ नका' म्हणून सांगितलेलं. मग रिकाम्या खोल्यांचं भाडं का द्यायचं? मँचेस्टरच्या मुलांनी २०२० मध्ये भाडं रोखून पहिल्या सत्रापुरती ३० टक्के सूट मिळवलीच होती.

ना सभा, ना पत्रकं. रोज संध्याकाळी एकेकीला फोन. मताचं बोलण्याआधी विचारायची, "जेवलीस का गं?" मतदानही संगणकावरच झालं. ती हरली. पण भाड्याचा अर्ज निवडून आलेल्या मुलीनं पुढं नेला, आणि त्यावर हिचीही सही होती.

आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ नंतर थेट २०२४ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. महाराष्ट्रात तर १९९० च्या दशकात थांबलेल्या महाविद्यालयीन निवडणुका २०१६ च्या कायद्यानंतरही साथीपूर्वी झाल्याच नाहीत.

घरात कुणी आजारी पडलं की आपण विचारपूस वाढवतो, बंद करत नाही. मग मुलांच्या वतीनं विचारणारं माणूस नेमकं साथीतच नको, हे कसं?