हात इथं, नजर तिथं

अब्बा मुंबईत एका उर्दू वर्तमानपत्रात कातिब होते. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद आणि हातात बोरू. बोरूचा कत नीट बसला नाही तर अख्खी ओळ लंगडते, असं म्हणायचे. 1994 साली इनपेज आलं आणि पुढच्या काही वर्षांत कातिबांची पानं कॉम्प्युटरनं खाल्ली. अब्बा बोरूंची डबी घेऊन डहाणूला परतले. तेव्हापासून आमच्या घरात ‘कॉम्प्युटर’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. मी तलासरी तालुक्यात चित्रकला शिक्षक झालो, पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, निवृत्त झालो. पण माऊसला हात लावला नाही.

आता माझा हात थरथरतो. वयाचा कंप, डॉक्टर म्हणाले. नेमकं तेव्हाच अब्बांच्या कबरीवरचा कतबा पावसानं धुऊन गेला. रंगवलेला होता, तो यंदा दगडात कोरायचं ठरलं. पण अक्षरं लिहिणार कोण? अब्बांचं नाव कॉम्प्युटरच्या तयार अक्षरात घ्यायला माझं मन धजेना.

भाच्यानं ड्रॉइंग टॅबलेट आणून दिला. काळी, गुळगुळीत पाटी आणि बिनशाईचं पेन. पहिले आठ दिवस मी रडकुंडीला आलो. रेघ पाटीवर ओढायची आणि ती उमटणार समोरच्या पडद्यावर. हात इथं, नजर तिथं. पन्नास वर्षं ज्या दोघांचा संसार एका कागदावर झाला, त्यांना कुणीतरी वेगळं काढावं तसं झालं. मी पुन्हापुन्हा खाली बघायचो.

“मामू, हाताकडे नका बघू, वर बघा,” भाचा म्हणायचा. पडद्यावरच चित्र काढता येईल असाही टॅबलेट मिळतो म्हणे, पण त्याची किंमत ऐकून मी गप्प बसलो. प्लॅस्टिकवर पेन घसरायचं, म्हणून मी त्यावर साधा ड्रॉइंगचा कागद चिकटवला. चालतो. फक्त पेनचं टोक लवकर झिजतं. कॉम्प्युटरला बिचकणाऱ्या माझ्यासारख्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. तलासरीकडच्या पाड्यावरची वारली पोरगी. कापडांसाठी डिझाइन करते, त्यामुळे टॅबलेट रोजचाच. मी विचारलं, “पोरी, भिंत सोडून हे तुला कसं जमलं?”

ती हसली. “सर, भिंत तर आमची आधीच सुटली होती ना?”

खरंच होतं. लग्नाचा चौक सवासिनींनी कुडाच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठानं लिहायचा, टोक चावलेल्या बांबूच्या काडीनं. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन आले. डहाणू तालुक्यातल्याच गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर, कापडावर चित्रं काढत जगभर पोचले. 2011 ला पद्मश्री झाले, 2018 ला गेले. म्हणजे आज ज्याला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो तो कागदसुद्धा इथं एकेकाळी नवखाच होता. चौक मात्र लग्नघरी भिंतीवरच लागतो. तिथं पालघट बसते. तिला पडद्यावर कोण बसवणार?

मी तिला तारप्याचा नाच काढायला सांगितला. एक बाई काढली की कॉपी करून तिच्या चाळीस करता येतात, हे तोवर भाच्यानं मला शिकवलं होतं. तिनं चाळीस बाया वेगवेगळ्या काढल्या. दोन त्रिकोण, टोकाला टोक, पण प्रत्येकीची कंबर निराळी. “एकसारख्या काढल्या तर नाचतील कशा? कवायत होईल ती.” मग तिनं आणखी एक गोष्ट केली. सॉफ्टवेअरमध्ये हाताचा थरकाप गाळून रेघ सरळ करणारी एक सोय असते. ती तिनं बंद केली. “याच्यानं रेघ मरते, सर.”

ती गेली आणि मी तीच सोय पुन्हा चालू केली.

लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण माझ्या थरथरीत आणि तिच्या काडीच्या कंपात फरक आहे. तिचा कंप तिचा आहे, माझा आजाराचा. पेन फिरलं आणि कित्येक महिन्यांनी एक अलिफ ताठ उभा राहिला. मी खुर्चीतून उठून दुरून पाहिला.

पुढचं सोपं नव्हतं. नस्तालीकमध्ये एकाच अक्षरात बोरूचा कोन बदलतो. माझ्या स्वस्तातल्या पेनाला तो कळत नाही. शेवटी साइनबोर्डवाले करतात तसं केलं. आधी अक्षराची बाहेरची रेघ काढायची, मग आत रंग भरायचा. अब्बांचं एवढंसं नाव, अकरा दिवस लागले. चुकलं की मागे जायचं बटण होतं. अब्बा चुकलेली जागा ब्लेडनं खरवडायचे.

भाच्यानं दोन्ही कागद छापून आणले. एक माझ्या खऱ्या हाताचा, थरथरता, आणि एक हा. अम्मी दोन्हींवरून बोट फिरवत राहिली. “हा तुझा आहे,” थरथरत्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “पण त्यांना वाकडा अलिफ कधी खपला नाही.”

कारागिराकडे सरळ अलिफ गेला. दुसरा कागद तिनं घडी करून बोरूंच्या डबीत ठेवला.