मानसगंगोत्रीचं देणं

माझ्या प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर उजवीकडे एक रकाना आखलेला असतो : ‘आणखी कशामुळे?’ हा रकाना मला म्हैसूरच्या सरांनी दिला. आज माझं जे काही काम आहे, ते या एका प्रश्नावर उभं आहे.

सोलापूरहून एम.एस्सी.साठी मी म्हैसूरला गेले ते नव्वदीच्या दशकाच्या शेवटी. सरस्वतीपुरममधल्या ज्या घरी खोली मिळाली, तिथल्या अज्जींनी खोलीचं भाडं घेतलं. रोज रात्री ताटात वाढलेल्या अन्न-सारूचा हिशेब मात्र कधी मांडला नाही. परक्या गावात मन लावून अभ्यास करता आला तो त्यांच्यामुळे. आणि अभ्यास कशाला म्हणतात हे कळलं मानसगंगोत्रीच्या, म्हणजे म्हैसूर विद्यापीठाच्या आवारातल्या, भौतिकशास्त्र विभागात.

या विभागाचे पहिले प्रमुख एस. चंद्रशेखर. ते सी. व्ही. रामन यांचे भाचे. नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. करून त्यांनी मामांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केलं. १९६१मध्ये ते म्हैसूरला आले आणि द्रवस्फटिकांच्या, म्हणजे लिक्विड क्रिस्टलच्या अभ्यासाची घडी त्यांनी इथे बसवली. दहा वर्षांनी ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत गेले. तिथे १९७७मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तबकडीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. आमचे सर म्हैसूरमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेले.

एकदा सरांनी निकोलस ॲबट यांच्या गटाचा १९९८चा लेख माझ्या हातात ठेवला. पृष्ठभागाला प्रथिन चिकटलं की त्यावरच्या लिक्विड क्रिस्टलमधल्या रेणूंची मांडणी विस्कटते आणि हा बदल प्रकाशात साध्या डोळ्यांना दिसतो, असा त्याचा गाभा. मी पाण्यात लिक्विड क्रिस्टलचे बारीक थेंब केले आणि पोलरायझर लावलेल्या मायक्रोस्कोपखाली धरले. पाण्यात थोडा साबण मिसळताच थेंबांतली नक्षी पालटली आणि प्रत्येक थेंबात ठसठशीत काळी फुली उमटली. साबणाचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर उभे राहतात, त्यामुळे आतल्या रेणूंची टोकं केंद्रातून बाहेरच्या दिशेने वळतात. मी हरखून सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “बेरे एनु कारण?” आणखी काय कारण असू शकेल?

मग त्यांनी माझ्या शेजारी बसून एकेक कारण तपासायला लावलं. साबण नसलेलं पाणी घे. काच बदल. तापमान लिहून ठेव, कारण हे लिक्विड क्रिस्टल पस्तीस अंशांच्या आसपास आपली शिस्त सोडून साधं द्रव होतं. आपल्याला हवं ते दिसलं की डोळा तिथे थांबतो. त्याला पुढे नेणं हे गुरूचं काम. सरांनी ते अत्यंत मायेनं केलं.

त्याच सरांनी, मी सोलापूरची म्हणून, मला एकदा गोलघुमटाबद्दलही विचारलं होतं. गोलघुमटाचं विजापूर आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. सज्जात एका बाजूला कुजबुजलेलं समोरच्या भिंतीशी ऐकू येतं, हे मी लहानपणापासून अनुभवलेलं. रामन यांनी त्यावर लिहिलं आहे, हे मला सरांकडून कळलं. आवाज गोल भिंतीला बिलगून फिरतो, हे रेले यांनी सांगितलं होतं. १९२१मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये रामन आणि सदरलँड यांनी पुन्हा कान देऊन मोजमाप केलं, तेव्हा भिंतीपासून दूर जाताना आवाज सरळ मंदावत नाही, तो चढतो-उतरतो, असं आढळलं. त्यानंतर रामन यांनी भारतातले असे घुमट अभ्यासले. गोलघुमट त्यांतलाच एक.

पुढे माझ्या वाट्याला प्रकाशाचा घुमट आला. ऑप्टिकल फायबरचं टोक वितळवलं की काचेचा केसाएवढा गोळा तयार होतो. त्यात शिरलेला प्रकाश आतल्या बाजूने परावर्तित होत हजारो फेऱ्या मारतो. परिघात ज्याच्या तरंगलांबी पूर्ण संख्येने मावतात, तोच रंग टिकतो. गोळ्यावर प्रथिनांचा थर बसला की प्रकाशाचा फेरा किंचित लांबतो आणि टिकणारा रंग सरकतो. २००२मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रँक फोल्मर, स्टीफन अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी असं प्रथिन ओळखलं; २००८मध्ये याच पद्धतीने इन्फ्लुएन्झाचा एकेक विषाणू टिपला गेला. २०११मध्ये स्लोव्हेनियात हुमार आणि मुशेविच यांनी लिक्विड क्रिस्टलच्या थेंबातच प्रकाश फिरवून पाण्यातले साबणासारखे रेणू ओळखले. तो लेख वाचताना माझे डोळे भरून आले. सरांनी मला दाखवलेलं सारं त्या थेंबात एकत्र आलं होतं.

काचेच्या गोळ्याचं हे साधन विलक्षण नाजूक आहे, आणि तिथेच सरांचा प्रश्न माझ्या कामी येतो. तापमान एका अंशाने वाढलं तरी काचेच्या गोळ्यातला रंग जवळपास प्रथिनाच्या थराइतका सरकू शकतो. रक्तातलं अल्ब्युमिन तर दिसेल त्या पृष्ठभागाला चिकटतं. म्हणून हवा तोच रेणू पकडणारी प्रतिपिंडं गोळ्यावर बसवायची, आणि शेजारी प्रतिपिंडं नसलेला दुसरा गोळा ठेवायचा. दोघांतल्या फरकावरच विश्वास टाकायचा. सरांनी साबण नसलेलं पाणी शेजारी ठेवायला लावलं होतं, त्याचंच हे पुढचं पाऊल.

आता पुण्यात माझे विद्यार्थी तो रकाना आखतात. तो कोरा असेल तर कोणताही निकाल मी पुढे जाऊ देत नाही. उद्या अशा गोळ्याच्या भरवशावर एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात कुणाला आजार आहे की नाही हे ठरेल, औषध सुरू होईल किंवा थांबेल. सरांचं देणं मी त्या अनोळखी माणसाला लागते. त्याच्या हातात पडणारा रिपोर्ट जेवढा खरा असेल, तेवढंच ते फिटेल.