घाणेवाडीच्या तळ्यातील चिलापीचे बिऱ्हाड

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे. सोन्याचे कौतुक सर्वांसच असते. परंतु या पाळण्याची दोरी पूर्वीपासून पाण्याच्याच हाती राहिली आहे. जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी खेळविले. पुढे निजामी अमदानीत कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा तलाव झाला, आणि त्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर शहरास मिळू लागले. आज हा तलाव संत गाडगेबाबा जलाशय या नावानेही ओळखला जातो. जालन्यास येणारा प्रवासी बहुधा राजूरच्या गणपतीस किंवा समर्थांच्या जांबेस जातो; वाट थोडी वाकडी करून या तळ्याकाठी बसणारे थोडेच. आम्ही तेथे गेलो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. पाणी मागे हटू लागले होते, आणि काठच्या उथळ गाळात जेवणाच्या ताटाएवढे वाटोळे खळगे, कोणी पंगतीसाठी मांडून ठेवावेत तसे, ओळीने दिसत होते.

हे खळगे म्हणजे चिलापी नावाच्या माशाची घरटी होत. आमच्या बहुतेक वाचकांचा माशांशी संबंध मत्स्यावताराच्या कथेपुरताच असावयाचा. तेव्हा या प्राण्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. चिलापी म्हणजेच तिलापिया. शास्त्रज्ञ ज्यास सिक्लिड कुल म्हणतात, त्यांतील हा मासा मूळचा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील नद्यांचा. पेटर्स या जर्मन पंडिताने १८५२ साली मोझांबिकमधील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. या कुलातील काही मंडळी आपल्याही देशाची आहेत. गोव्याच्या खाड्यांत मिळणारे कालुंदर हे त्यांतलेच. ते दगडांस किंवा बुडालेल्या लाकडास अंडी चिकटविते, व नरमादी दोघेही त्यांची राखण करतात.

चिलापीचा संसार मात्र निराळ्या धर्तीचा आहे. विणीच्या दिवसांत नराचा रंग काळाभोर होतो, गळा पांढरा पडतो व परांच्या कडा तांबूस दिसू लागतात. तो तोंडाने व शेपटीने गाळ उकरून खळगा करतो आणि शेजारच्या नरास हद्दीत पाऊल टाकू देत नाही. मादी येते, खळग्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. येथे पित्याचे कर्तव्य संपते. तो दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. माता मात्र सुमारे तीन आठवडे ती शेकडो अंडी व पुढे पिले तोंडात बाळगते. या काळात ती जवळजवळ अन्न घेत नाही. पिले पोहू लागली म्हणजे ती त्यांस बाहेर सोडते. पण पाण्यावर एखाद्या बगळ्याची सावली पडली की सगळी पिले धावत येऊन पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. एकादशीचा उपवासही ज्यांस जड जातो, अशा आम्हांस या मातेपुढे मान लवविणे भाग पडले.

परंतु जी गोष्ट घरात सद्गुण ठरते, तीच परक्या घरी शिरल्यावर संकट कशी होते, हेही येथेच दिसते. इतर मासे हजारो, लाखो अंडी पाण्यावर सोडून देतात आणि त्यांतील थोडीच जगतात. चिलापीची अंडी थोडी, पण वाचणारी पुष्कळ. शिवाय ती वर्षातून अनेकदा विते. मनूच्या कमंडलूतील मासा वाढू लागताच त्यास मोठे भांडे, मग मोठे जलाशय द्यावे लागले. चिलापीची रीत याच्या नेमकी उलट आहे. जागा कोंदट झाली की ती स्वतः खुजी राहते, दोन-तीन महिन्यांच्या वयातच वीण सुरू करते आणि सारे तळे बोटभर लांबीच्या माशांनी भरून टाकते. शेवाळ, गाळातील कुजका पाला, किडे, प्रसंगी दुसऱ्यांची अंडी, तिला काहीही चालते. पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी ती तग धरते.

जालन्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात या काटकपणास फार अर्थ आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने पाण्याचे जे हाल सोसले, ते सर्वांच्या स्मरणात आहेत. तळे आटत आले की रोहू, कटला यांसारखे मोठे मासे आधी दगावतात. चिलापी शेवटच्या डबक्यातही टिकते, आणि पुढल्या पावसात तळ्याची मालकी तिच्याकडे आयती येते. मच्छीमार संस्था पैसे मोजून रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात, आणि त्यांचे अन्न हा न बोलाविलेला पाहुणा खातो. सोलापूरकडील उजनी धरणात तर चिलापीचेच राज्य झाले आहे. तथापि दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. गरीब भोयाच्या जाळ्यात रोज काही ना काही पडते ते हिच्यामुळे, आणि स्वस्त मासा म्हणून ती हातावर पोट असणाऱ्यांच्या ताटात जाते.

मग दोष कोणाचा? चिलापी आपण होऊन समुद्र ओलांडून आली नाही. अन्नाची टंचाई होती, म्हणून १९५२ साली लंकेतून तिला मुद्दाम आणण्यात आले. हेतू चांगलाच होता. अवघ्या सात वर्षांत, १९५९ साली, तिच्या प्रसारावर निर्बंध घालण्याची शिफारस करावी लागली. पण तोपर्यंत बिऱ्हाड थाटले गेले होते. दैवाचा खेळ असा, की आफ्रिकेतील स्वतःच्या नद्यांत हाच मासा आज धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. कारण तेथेही माणसाने नाईल नदीकडील त्याचा भाऊबंद आणून सोडला, आणि दोघांच्या संकराने मूळ वंश मिटू लागला.

हे सारे वाचून ‘आम्हांस याचे काय?’ असे कोणी म्हणेल. परंतु हल्ली पुष्कळ घरी काचेच्या पेटीत शोभेचे मासे असतात, आणि एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न ही त्यांतील मंडळी याच सिक्लिड कुलातली आहेत. मुलांची हौस फिटली किंवा मासा पेटीत मावेनासा झाला, म्हणजे घरातील वडीलधारी माणसे पुण्य समजून तो विहिरीत, तळ्यात किंवा नदीत नेऊन सोडतात. जीव वाचविल्याचे समाधान त्यांस वाटते, आणि त्या तळ्यातील पिढ्यान् पिढ्यांच्या मरळीस व वामेस आपल्या अन्नात एक वाटेकरी वाढल्याचे कळतही नाही. असा मासा दुकानदारास परत करावा, किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा. पण वाहत्या वा साठल्या पाण्यात सोडू नये. पाळण्यात कोणास निजवावयाचे याचा विचार पाळण्याच्या धन्याने आधीच करावयाचा असतो.