तिच्या वर्गात किती मुलं होती?

पेणहून रोह्याला शाळेत जाताना गाडीत माझं वाचन होतं. मध्यंतरी एका सहकारी शिक्षिकेनं अलीकडची एक मराठी प्रेमकादंबरी हातात दिली. म्हणाली, "बाजी, जरूर वाचा. नायिका आपल्यातलीच आहे, शिक्षिका आहे." मला अप्रूप वाटलं. आवडली तर दहावीच्या मुलींना द्यायची, असंही मनाशी ठरवलं. नागोठणं येईपर्यंत वीस पानं झाली.

पुढं मात्र उत्साह ओसरत गेला. नायिका कोकणी मुसलमान, पण घरात बोलते सिनेमातलं उर्दू. आमच्या घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. दिवसभरात तीन भाषा जिभेवर फिरतात. तिच्या तोंडी त्यातली एकही खरी वाटत नाही. अत्तर, मेहंदी, बुरखा यांची वर्णनं पानोपानी आहेत. ती पगार कुणाच्या हाती देते, याचा उल्लेख नाही. नायक देखणा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तो तिथं काय काम करतो, त्याला राग कशाचा येतो, काही कळत नाही. पेणच्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघते, पण डोळ्यांची आखणी हातानं करावी लागते. इथं ती आखणीच राहून गेली होती.

शेवटी निकाह ठरतो आणि ती आनंदानं नोकरी सोडते. एका वाक्यात! ते वाक्य मला फार झोंबलं.

निकाहानंतर मी बी.एड. करायचं म्हटलं, तेव्हा सासरी महिनाभर अबोला होता. मुलगी दोन वर्षांची. सगळी निजली की मी पाठाचं टाचण काढायला बसायची. एके सकाळी सासूबाईंनी आपणहून मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "जा, गाडी चुकेल." परीक्षेच्या दिवसांत शोहर रजा काढून घरी राहिले. माझा डबासुद्धा त्यांनीच भरला, भाजी खारट झाली होती. प्रेमाचा विषय निघाला की मला तो डबा आठवतो.

डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही उर्दू कादंबरी 1869 सालची. उपदेशानं भरलेली. तरी तिच्यातली असगरी घरखर्चाचा हिशेब ठेवते, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवते. दीडशे वर्षांनंतरच्या आपल्या नायिकेला एवढंही काम मिळू नये?

दहावीतल्या काही मुलींच्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत. हे पुस्तक त्यांच्या हाती द्यायला माझं मन धजावलं नाही. मी ते परत केलं.

"शेवट गोड आहे ना?" सहकारी म्हणाली.

मी विचारलं, "तिच्या वर्गात किती मुलं होती?"

तिनं पुस्तक उघडलं. मधली सुट्टी संपेपर्यंत ती पानं उलटत होती.