लेकीचा पहिला फिश टँक : आधी पाणी मुरू द्या, मग मासे आणा

वाढदिवसाला भेट मिळालेला काचेचा गोल बाऊल, त्यात दोन गोल्डफिश, आणि पाचव्या दिवशी दोन्ही मासे पाण्यावर तरंगलेले. भोकरदनला माझ्या दवाखान्यात पालकांकडून ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! मूल आलेलं असतं ताप-खोकल्यासाठी, पण बोलता बोलता विषय निघतो. "सर, रोज पाणी बदलत होतो, एकदम स्वच्छ ठेवत होतो. तरी मेले."

गेल्या वर्षी आमच्या सात वर्षांच्या लेकीनेही मासे मागितले. तेव्हा आम्ही घरात जे केलं ते आज सांगतो. त्यातलं विज्ञान सोपं आहे, आणि त्यात माणसांच्या आरोग्याचेही दोन-तीन मुद्दे आहेत.

प्यायला पाणी नाही अन् मासे कशाला?

पहिला आक्षेप माझ्या आईचा. "उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो आपण, अन् हे मासे पोसणार?" प्रश्न रास्त होता, म्हणून हिशेब मांडला. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण ४० लिटर पाणी मावतं. ते एकदाच भरायचं. नंतर आठवड्याला फक्त आठ-दहा लिटर बदलायचं. काढलेलं पाणी गटारात न टाकता तुळशीला आणि कढीपत्त्याला घालायचं. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे ते पातळ खतच. आईची परवानगी मिळाली.

छोट्या बाऊलपेक्षा मोठा टँक अवघड वाटतो, पण प्रत्यक्षात उलट असतं. चार लिटर पाण्यात माशाची घाण लगेच साठते आणि तापमानही पटकन चढतं-उतरतं. ४० लिटरमध्ये हे सगळं सावकाश होतं, त्यामुळे आपल्याला सावरायला वेळ मिळतो.

महिनाभर रिकामा टँक

टँक आणला, धुतलेली वाळू घातली, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावला, पाणी भरलं. मासे मात्र आणले नाहीत. लेक रोज विचारायची, "बाबा, आज?" आणि आजी सांगायची, "लोणचं घातल्याबरोबर खातात का? मुरू दे."

आजीने दिलेली उपमा अगदी बरोबर आहे. मासा आपल्या कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टँकमध्ये तिथेच राहतो आणि माशाला विषारी ठरतो. निसर्गात त्यावर उपाय आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरंच निरुपद्रवी. शेतकरी मित्रांना हे वेगळं सांगायला नको. मका-कपाशीला युरिया टाकला की जमिनीत शेवटी हेच घडतं. टँकमध्ये हे जिवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

त्या काळात रोज माशांच्या खाद्याची चिमूट रिकाम्या टँकमध्ये टाकायची. ती कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाऊ मिळतो. पाणी तपासायच्या पट्ट्या किंवा किट मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढतात आणि मग शून्यावर येतात. दोन्ही शून्य दिसले की पाणी मुरलं.

आता त्या बाऊलमधल्या गोल्डफिशचं बघा. रोज सगळं पाणी फेकलं, काच घासली, खडे नळाखाली धुतले. जिवाणूंची वस्ती बसायला जागाच उरली नाही. म्हणून स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं. टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो हलकेच पिळायचा. बदलायचं पाणी क्लोरीनचं असेल तर आधी उघड्या बादलीत दिवसभर ठेवायचं किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवायचे थेंब टाकायचे. पाणी शिळं करायला ठेवलेली बादली आठवडा-आठवडा तशीच राहू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

नायट्राइट आणि आपलं रक्त

इथे डॉक्टर म्हणून थोडं थांबतो. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं. ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. माशाचे कल्ले तपकिरी पडतात. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

हाच प्रकार माणसाच्या तान्ह्या बाळातही होऊ शकतो. शेतातल्या खतांमुळे किंवा सांडपाण्यामुळे विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढलेलं असेल आणि त्या पाण्यात पावडरचं दूध कालवून बाळाला पाजलं, तर पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि बाळ निळसर पडतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका जास्त. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध द्या, आणि बोअरचं पाणी पीत असाल तर ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

कोणते मासे, किती?

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो. अशा पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे खूश असतात. निऑन टेट्रा मूळचे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले, त्यांना आपलं पाणी मानवायला कठीण. नुसतं आरओचं पाणीही वापरू नका. त्यातले आवश्यक क्षार निघून गेलेले असतात. गोल्डफिश तर वीतभर वाढू शकतो, त्याला ४० लिटर अपुरेच.

आम्ही सहा गप्पी घेतले, सगळे नर. मादी महिन्याच्या अंतराने पिल्लं देते आणि एकदा संयोग झाला की कित्येक महिने देत राहते. टँक बघता बघता भरून जातो. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभाग पाण्याच्या टाक्यांत सोडतो तेच हे गप्पी, फक्त रंगीत शेपटीचे. नको झालेले मासे मात्र नदी-ओढ्यात सोडू नका. ते मूळचे आपल्याकडचे नाहीत, आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही ते खातात.

खायला घालायचं काम लेकीचं. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आजीचा गुरुवारचा उपास असतो, तोच माशांनाही लागू झाला. त्याने त्यांचं काही बिघडत नाही, पाणी मात्र चांगलं राहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टँक खिडकीच्या उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

घरातल्यांनी काय जपायचं?

• टँकमध्ये हात घालण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. आधी धुतलेला साबण पूर्ण निघाला पाहिजे. हाताला जखम असेल तर हात घालू नका. क्षयाच्या जंतूंचा एक चुलतभाऊ माशांच्या पाण्यात असू शकतो. काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी गाठ किंवा न भरणारी जखम दिसली, तर डॉक्टरांना 'घरी फिश टँक आहे' हे आवर्जून सांगा. आजार बरा होतो, पण औषध काही महिने घ्यावं लागतं.
• टँकचं सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.
• ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, वर काच आणि वाळू. डगमगत्या टेबलावर ठेवू नका. रांगणारं मूल घरात असेल तर झाकण हवंच.
• पंपाची वायर बोर्डाकडे जाताना मध्ये खाली झोळ राहू द्या, म्हणजे थेंब बोर्डात जाणार नाही. हात घालण्याआधी बटण बंद.
• दमा असलेल्या मुलांना माशांच्या केसांचा त्रास होण्याचा प्रश्न नाही, पण वाळवलेल्या अळ्यांच्या खाद्याची काहींना ॲलर्जी असते. शिंका, खाज सुरू झाली तर ते खाद्य बदला.

मासा मेला तेव्हा

चार महिन्यांनी एका सकाळी नारिंगी शेपटीचा गप्पी तळाशी पडलेला दिसला. आई म्हणाली, "शाळेतून यायच्या आत दुसरा आणून टाक, पोरीला कळणार नाही." मी थांबलो.

लेक आली, बघितलं आणि विचारलं, "बाबा, मी काल जास्त खायला घातलं म्हणून मेला का?"

या वयातल्या मुलांच्या मनात हा प्रश्न हमखास येतो. आपल्या वागण्याने, नुसत्या विचारानेही कुणी मरू शकतं असं त्यांना वाटतं. आजोबांवर रुसलो म्हणून आजोबा गेले, असं मनात धरून जेवण सोडलेलं मूल मी पाहिलं आहे. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. 'झोपला', 'गावाला गेला' असं सांगितलं तर काही मुलांना पुढे झोपायची किंवा आई-बाबा गावाला जाण्याची भीती वाटते.

आम्ही दोघांनी मिळून पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग मी सांगितलं, "तुझ्यामुळे नाही मेला. गप्पी साधारण दोन वर्षंच जगतात, आणि आपण आणला तेव्हा तो किती मोठा होता हे आपल्याला माहीत नाही. आता त्याचं शरीर बंद पडलंय, तो परत हलणार नाही." ती रडली. तिला रडू दिलं. संध्याकाळी आजी-नातीने तो कढीपत्त्याच्या बुडाशी पुरला.

तीन-चार दिवस ती तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिली. प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत दिलं. मुलांना ते लागतं. नवा मासा तिने स्वतःहून मागितला, पण दोन आठवड्यांनी.

तुमच्या घरीही मुलं मासे मागत असतील तर नाही म्हणू नका. आज टँक, फिल्टर आणि पाणी तपासायच्या पट्ट्या आणा. मासे पुढच्या महिन्यात.